मातीवाचून शेती आणि तिचे पाणी



मातीवाचून भाजीपाला पिकविण्याची विद्या आता प्रयोगशाळेच्या भिंती ओलांडून शहरातील सज्जांत आणि गच्च्यांवर येऊन बसली आहे. हायड्रोपॉनिक्स ह्या भारदस्त नावाने ती ओळखली जाते. आणि तिचे सर्व साहित्य, म्हणजे नळ्या, जाळीच्या लहान टोपल्या, छोटा पंप व खताच्या दोन बाटल्या, एका पेटीत घालून विकत मिळते. पेटी घरी आणणारा गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो खताचा आणि दुसरा उन्हाचा. पाण्याविषयी तो सहसा विचारीत नाही. नळ सोडला की येते ते पाणी, आणि पाणी म्हणजे पाणीच, अशी आपली सर्वांची समजूत असते. परंतु ह्या शेतीत पाणी हे केवळ तहान भागविण्याचे साधन नव्हे; तेच शेत होय. आणि शेत कसे आहे हे न पाहता बी टाकणारा शेतकरी आपण कधी पाहिला नसेल.

जमिनीत लावलेल्या रोपास थोडे वाईट पाणी मिळाले तरी माती ते सावरून घेते. तिच्यातील चिकण कण काही क्षार धरून ठेवतात, कुजलेला पालापाचोळा थोडी अम्लता पुरवितो, आणि पावसाळा आला की साचलेले मीठ खाली धुऊन जाते. वीस लिटरांच्या डब्यात ह्यांपैकी कोणीही मदतीस नाही. पाण्याबरोबर जे आले ते मुळांशी सरळ भिडते, आणि आपण उपसून टाकीपर्यंत तेथेच राहते.

पाण्या-पाण्यांत फरक असतो ह्याचा प्रयोगसिद्ध पुरावा फार जुना आहे. वनस्पतीचा देह पाण्याचाच बनतो, असे मत युरोपात प्रचलित होते त्या काळी इंग्लंडातील जॉन वुडवर्ड ह्या शास्त्रज्ञाने १६९१ व १६९२ साली पुदिन्याची रोपे नुसत्या निरनिराळ्या पाण्यांत वाढवून तोलून पाहिली. सत्त्याहत्तर दिवसांत पावसाच्या पाण्यातील रोपाचे वजन साडेसतरा ग्रेन वाढले, तर थेम्स नदीच्या पाण्यातील रोपाचे सव्वीस ग्रेन. दुसऱ्या खेपेस हाइड पार्कमधील नळाच्या पाण्यात एक रोप छप्पन दिवसांत १३९ ग्रेनांनी वाढले; आणि त्याच पाण्यात बागेतील दीड औंस माती कालवली तेव्हा आरंभी त्याहून लहान असलेले दुसरे रोप २८४ ग्रेनांनी वाढले. १६९९ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. रोप पाण्यावर वाढत नसून पाण्यात जे आहे त्यावर वाढते, असा त्यांचा अर्थ वुडवर्डने लावला. शुद्ध पाणी हे रोपाच्या दृष्टीने रिकामे ताट होय.

त्या ताटात नेमके काय वाढावयाचे हे पुढे जर्मनीत १८६०च्या सुमारास सॅक्स व नोप ह्यांनी मोजूनमापून ठरविले. १९२९ नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक ह्यांनी ही प्रयोगशाळेतील युक्ती शेतीस लावली. त्यांच्या पंचवीस फूट उंच टोमॅटोच्या वेलींची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली, आणि १९३७ साली त्यांनीच हायड्रोपॉनिक्स हे नाव रूढ केले. त्याच विद्यापीठातील होगलंड व आर्नन ह्यांनी १९३८ साली एक पत्रिका काढून लोकांस जरा जमिनीवर आणले. उत्तम मातीपेक्षा ह्या पद्धतीत काही जादू नाही, असे त्यांचे मत होते. आजही जगभर त्यांचीच कृती पायाभूत मानली जाते. त्या कृतीत लिटरमागे सुमारे २१० मिलिग्रॅम नत्र, ३१ मिलिग्रॅम स्फुरद, २३५ मिलिग्रॅम पालाश, २०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही कृती ऊर्ध्वपातित, म्हणजे रिकाम्या पाण्यासाठी लिहिलेली आहे. आपल्या नळाचे पाणी रिकामे नसते. ताटात अगोदरच काही वाढलेले असेल तर ते न पाहता पुन्हा पंगत वाढणे शहाणपणाचे नव्हे.

पाण्याचे महत्त्व किती, हे १९४५ साली अॅसेन्शन बेटावर दिसून आले. अटलांटिक महासागरातील त्या उजाड ज्वालामुखी बेटावर अमेरिकन लष्कराने खडीच्या वाफ्यांत भाज्या काढल्या. गोडे पाणी जवळजवळ नाहीच, म्हणून समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून ते वापरावे लागले. खडी बेटावर विपुल होती. अडचण होती ती पाण्याची. आपल्याकडे १९४६ साली शोल्टो डग्लस ह्यांनी कालिंपाँग येथे प्रयोग चालू करून जी पद्धत बसविली ती बंगाल पद्धत म्हणून पुढे प्रसिद्ध झाली.

आता आपल्या घरच्या पाण्याकडे वळू. मुंबईस तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येणारे पाणी हे बहुतांशी सह्याद्रीवर पडलेला व खडकांत फार वेळ न मुरलेला पाऊस आहे. त्यात क्षार कमी. पुण्याच्या खडकवासल्याच्या पाण्याचीही जात तीच. परंतु त्याच शहरांत, नळाचे पाणी पुरत नाही म्हणून, अनेक इमारतींनी कूपनलिका खोदल्या आहेत. दख्खनच्या काळ्या कातळातून झिरपत आलेले हे पाणी वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येते. ह्यासच आपण जड पाणी म्हणतो. साबणाचा फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, चहाच्या भांड्यास आतून पांढरा थर धरतो, ही त्याची घरगुती लक्षणे. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात आणखी वेगळा प्रकार. तेथील भूजलात सोडियमचे क्षार अधिक, आणि त्या पाण्याचा इलाज जड पाण्याच्या इलाजाहून निराळा.

पिण्यास योग्य असा दाखला मिळालेले पाणी रोपांस योग्य असेलच, असे मात्र समजू नये. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ सालच्या मानकात अल्कतेची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास ६००पर्यंत चालते. माणसास ते बाधत नसेल. डब्यातील लेट्यूसची गोष्ट वेगळी आहे.

अल्कता हा शब्द आता आलाच आहे, तर त्याचा नीट उलगडा केला पाहिजे. कारण नवशिक्यांचे बहुतेक हाल ह्याच ठिकाणी होतात. पाणी अम्ल आहे की अल्क, हे दाखविणाऱ्या अंकास शेतकी खात्याच्या भाषेत सामू म्हणतात. सात म्हणजे मध्यम, त्याखाली अम्ल, त्यावर अल्क. मातीविना लागवडीत सामू साडेपाच ते साडेसहा असावा. तो सातावर गेला की लोह व स्फुरद पाण्यात विरघळून राहण्यास नाखूश होतात, गाळ बनून तळाशी बसतात, आणि पाण्यात लोह घातलेले असूनही कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून लोक सामू मोजतात, तो आठ दिसला की अम्लाचे चार थेंब टाकतात, आणि सहा दिसला की निश्चिंत होतात. दुसऱ्या दिवशी पाहावे तो पुन्हा साडेसात! यंत्र बिघडले असे वाटून काहीजण नवे यंत्रही आणतात.

यंत्र बिघडलेले नसते. सामू ही अवस्था आहे, अल्कता हा साठा आहे. देवघरातील निरांजनाची ज्योत आणि चुलीतील जाळ, दोहोंवर बोट सारखेच भाजते. पण निरांजनावर बंबभर पाणी तापत नाही. तसेच दोन पाण्यांचा सामू आठच असेल, परंतु एकात बायकार्बोनेटचा साठा नाममात्र असून चार थेंबांत तो संपेल, आणि दुसऱ्यात तो इतका असेल की पडलेले अम्ल तो पचवील व आपली जागा पुन्हा घेईल. सामू मोजून हा साठा कळत नाही. तो निराळा मोजावा लागतो. आणि मौज अशी की त्याचे स्वस्त साधन शेतीच्या दुकानाऐवजी शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात हटकून मिळते. तेथील ‘केएच’ नावाच्या बाटलीतील द्रव पाच घनसेंटिमीटर पाण्यात थेंबथेंब टाकीत जावे, आणि रंग पालटेपर्यंत किती थेंब लागले ते मोजावे. सामान्यतः एका थेंबास लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम अल्कता धरतात. तीन थेंब लागले तर पाणी उत्तम. पाच-सहांपर्यंत काळजीचे कारण नाही. बारा-चौदा लागले तर विचार करावयास पाहिजे.

तो विचार असा. अल्कतेच्या दर ५० मिलिग्रॅमांस अम्लाचे एक माप लागते, असे धरू. समजा, आपल्या कूपनलिकेच्या पाण्याची अल्कता २५० आहे. पाच मापांपैकी एक माप अल्कता राहू द्यावी, कारण मुळीच साठा नसेल तर सामू दिवसात दोनदा उड्या मारतो. म्हणजे चार मापे अम्ल घालावयाचे. बाजारात ‘सामू उतरविणारे’ म्हणून मिळते ते बहुधा पातळ केलेले फॉस्फोरिक अम्ल असते. त्याच्या चार मापांतून लिटरमागे १२४ मिलिग्रॅम स्फुरद पाण्यात पडतो. होगलंडच्या कृतीत स्फुरद किती, तर ३१! म्हणजे औषधाच्या निमित्ताने रोपास चौपट स्फुरद पाजला, आणि खतातील तो निराळाच. नायट्रिक अम्लाच्या चार मापांतून ५६ मिलिग्रॅम नत्र येतो. तो खतातून वजा करता येतो, म्हणून मोठे बागाईतदार ते वापरतात. सल्फ्युरिक अम्लाच्या तेवढ्याच मापांतून ६४ मिलिग्रॅम गंधक येते, तेही रोपास मानवते. परंतु ही दोन्ही अम्ले तीव्र रूपात घरात ठेवण्याच्या वस्तू नव्हेत. ज्या घरात मुले वावरतात तेथे तर नव्हेतच. कोणतेही अम्ल हाताळताना ते सावकाश पाण्यात ओतावे, अम्लात पाणी कधीही ओतू नये. आणि डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे असावेत.

लिंबाचा रस किंवा सिरका वापरावा, असेही पुष्कळजण सुचवितात. अम्ल ते खरे. पण ही अम्ले सेंद्रिय असल्याने पाण्यातील जंतू ती खाऊन टाकतात आणि दोन-चार दिवसांत सामू मूळ पदावर येतो. शिवाय जंतूंस मेजवानी मिळून पाणी बुळबुळीत होते ते वेगळेच. घरगुती उपायांविषयी मला आदर आहे, पण हा उपाय मला पसंत नाही.

म्हणून घरापुरता हिशेब असा की, फॉस्फोरिक अम्लाने एका मापापुरतीच, म्हणजे सुमारे ५० मिलिग्रॅमांची, अल्कता मारावी. तेवढ्याने भागत नसेल तर अम्लाच्या मागे न लागता पाणीच पातळ करावे. पावसाच्या पाण्यात अल्कता जवळजवळ शून्य असते. अल्कता २४० असलेले कूपनलिकेचे एक भाग पाणी आणि पावसाचे तीन भाग पाणी मिसळले की ६० अल्कतेचे पाणी तयार होते. त्याबरोबरच इतर सर्व क्षारही चतुर्थांशावर येतात, हा दुसरा लाभ. अम्लाने तो होत नाही. अम्ल बायकार्बोनेट नाहीसे करते, पण सोडियम किंवा क्लोराइड ह्यांना ते हातही लावीत नाही. पाऊस साठविण्यास जागा नसेल तर घरातील आरओ यंत्राचे पाणी त्या जागी चालते. मात्र यंत्र जे पाणी बाहेर टाकते त्यात मूळचे सर्व क्षार दाटलेले असतात. वाया जाऊ नये म्हणून ते टाकीत ओतण्याचा मोह गृहिणींनी आवरावा. त्याने फरशी पुसावी.

उकळण्याचे काय, असे कोणी विचारील. कॅल्शियमचे बायकार्बोनेट उकळल्याने फुटते व चुनखडीचा पांढरा थर भांड्यास धरतो, म्हणजे तेवढी अल्कता खरोखरच कमी होते. पण इंधनाचा खर्च पाहता हा उपाय एखाद्या कुंडीपुरताच. आणि सोडियमच्या बायकार्बोनेटवर त्याचा इलाज चालत नाही.

सोडियमचे नाव निघाले म्हणून एका सापळ्याची सूचना देतो. जड पाण्याने कपडे धुण्याची यंत्रे आणि नळाच्या तोट्या खराब होतात, म्हणून पुष्कळ गृहसंस्थांनी पाणी मृदू करणारे संयंत्र बसविले आहे. त्यात अधूनमधून मिठाच्या गोण्या रिकाम्या होतात, हे रहिवाशांनी पाहिले असेल. ते मीठ का लागते? कारण संयंत्र पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेऊन त्यांच्या जागी सोडियम सोडते. साबणास फेस येऊ लागतो, आपण प्रसन्न होतो. परंतु रोपाच्या दृष्टीने उपयोगाचे तेवढे गेले, नको ते आले, आणि अल्कता होती तेवढीच राहिली. असे पाणी रोपांस देऊ नये. संयंत्राच्या अगोदरच्या तोटीचे घ्यावे. जड पाण्यातील कॅल्शियम हा रोपाचा शत्रू नव्हे. २०० मिलिग्रॅम जडपणा सर्वस्वी कॅल्शियमचा असेल तर त्यात ८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, आणि तेवढे कॅल्शियम नायट्रेट कमी घालून चालते.

सोडियम वाईट ते एवढ्यासाठी की बहुतेक भाज्या ते घेत नाहीत. पाणी पितात, नत्र-पालाश घेतात आणि सोडियम मागे ठेवतात. वीस लिटरांच्या डब्यातून रोपे रोज चार लिटर पाणी पीत असतील, आणि आपण तेवढेच पाणी रोज भरीत असू, व त्यात लिटरमागे ६० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर डब्यातील सोडियम दररोज १२ मिलिग्रॅमांनी चढते. आरंभीचे ६० आणि पंधरवड्याची भर मिळून ते सव्वादोनशेच्या पुढे जाते. आता हे ओळखावे कसे? क्षार मोजण्याची जी लेखणीसारखी यंत्रे मिळतात ती पाण्याची विद्युत्वाहकता मोजतात. वीज वाहून नेणारा क्षार खताचा की मिठाचा, हे त्यांस कळत नाही. खत घटत आणि मीठ वाढत असता आकडा जागच्या जागी राहतो. आपल्यास वाटते सर्व ठीक चालले आहे, आणि रोप भरल्या ताटासमोर उपाशी असते. ह्यास उपाय एकच: दोन आठवड्यांनी, सोडियम अधिक असेल तर आठवड्याने, डबा पुरा उपसून नवे मिश्रण भरावे. जुने पाणी कुंड्यांतील झाडांस घालावे. तेथे सांभाळून घ्यावयास माती आहे.

त्या यंत्रांविषयी आणखी थोडे. पडद्यावर दिसणारे ‘मिलिग्रॅम’ हे प्रत्यक्ष मोजलेले नसतात. वाहकतेस कोणी ०.५ने तर कोणी ०.७ने गुणून ते काढतो. म्हणून एकाच पेल्यातील पाण्याचे शेजाऱ्याचे यंत्र ५०० दाखवील तर आपले ७००. ह्यावर वाद न घालता मूळ वाहकता वाचावी. कच्च्या पाण्याची वाहकता ०.३ मिलिसीमेन्सच्या आत असेल तर भाग्य समजावे, ०.७५पर्यंत निभावते. लेट्यूसच्या तयार मिश्रणाची एकूण वाहकता १.२ ते १.८ असावी लागते, पाणीच १.० घेऊन आले तर खतास जागा उरली किती?

मिश्रण करताना क्रम पाळावा. नळाचे पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. ताज्या क्लोरीनच्या पाण्यात अमोनियायुक्त खत पडले तर क्लोरामीन बनते, ते मुळांस अपायकारक आहे आणि नुसते ठेवल्याने सहजासहजी जात नाही. नंतर खताची पहिली बाटली, चांगले ढवळून मग दुसरी. कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट दाट स्वरूपात एकत्र आले की गाळ होतो, म्हणून तर बाटल्या दोन असतात. सामू शेवटी पाहावा. खतानेच तो बराच उतरतो, हे न जाणता लोक अगोदर अम्ल घालून बसतात.

भांडे प्लास्टिकचे असावे. तांब्याच्या घागरीतील पाणी आपण पवित्र मानतो, पण अम्ल पाण्यात उतरलेले तांबे मुळांस विषासमान. जस्ती पत्र्यावरून आलेल्या पावसात जस्तही पाहावे लागते. उन्हाळ्यात डब्यास ओले गोणपाट गुंडाळावे. वीस अंशांवर पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांवर साडेसात. आणि त्याच वेळी तापलेल्या मुळांस तो अधिक हवा असतो. माठ ज्या युक्तीने गार राहतो तीच युक्ती येथे उपयोगी पडते.

प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घ्यावयाचे असल्यास केवळ ‘पिण्यास योग्य’ असा शेरा मागू नये. सामू, वाहकता, एकूण अल्कता, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि क्लोराइड हे सात आकडे मागावेत. कूपनलिकेचे पाणी असेल तर ही तपासणी वर्षातून दोनदा करावी: एकदा वैशाखात, पाणी खोल गेलेले असताना, आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, पाऊस मुरल्यावर. दोन्ही वेळचे कागद शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कोणत्या महिन्यात किती पावसाचे पाणी मिसळावयाचे, ह्याचा अंदाज आपोआप बसतो.